शालीची भाकरी

आमच्या घरात भाकरी धडधाकटांची आणि चपाती आजाऱ्याची, अशी वाटणी होती. ती कुणी ठरवली नव्हती. वडगाव निंबाळकरात तेव्हा बहुतेक घरांत असंच असायचं. ज्वारी रोजची. गहू सणाचा, पाहुण्याचा, बाळंतिणीचा आणि दुखणाइताचा. आम्ही पाटाच्या कडेला दोन खोल्यांच्या सरकारी घरात राहायचो, कारण माझे वडील पाटकरी होते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, आणि गावही तात्याच म्हणायचं. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं आणि कधी दार बंद करायचं, हे त्यांचं काम. पाट वाहता असला की दिवसभर घरात त्याचा खळखळाट भरून राहायचा आणि त्यावर आईच्या भाकरी थापण्याचा आवाज. पाणी बंद झालं की घर एकदम मुकं वाटायचं. तात्या कुणाकडून काही घेत नसत, पण खळं झालं की कुणीतरी पायलीभर गहू ओट्यावर ठेवून जाई, "पोरीस्नी चपात्या करा," म्हणून. तेवढे मात्र त्यांना परत पाठववत नसत, कारण आमच्याकडे एक दुखणाईत होती.

ती माझी धाकटी बहीण शालन. घरात शाली. आम्ही दोघीच. शालीचे हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढं आलेलं. केस पिवळट, तोंड सारखं आलेलं, पोट सारखं बिघडलेलं. चार पावलं पळाली की ओट्यावर बसून घ्यायची. पाटावर धुणं धुणाऱ्या बाया आईला सल्ले द्यायच्या. कुणी मुडदूस म्हणायचं, कुणी नजर. एक म्हातारी तर शालीच्या पोटावर टिचकी मारून म्हणाली होती, "काय गं, रातचं डेरा गिळतीस का काय?" शाली हसली होती. आई हसली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोर अशक्त आहे, सकस खायला घाला, दूध-चपाती द्या. म्हणून आई शालीसाठी गहू राखून ठेवायची. मऊसूत चपाती, साजूक तुपाचा हात फिरवलेली, दुधात कुस्करलेली. आठवड्यातून एकदा खपलीची खीर. खपली गहू ओला करून उखळात कांडायचा, पाखडायचा, मंद आचेवर शिजवत ठेवायचा, वर गूळ आणि वेलदोडा. तो वास पाटाच्या पलीकडेपर्यंत जायचा. आम्ही बाकीचे भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी खायचो आणि खीर शालीपुढं जायची.

शालीला गहू सोसत नव्हता. आज मला हे एका वाक्यात लिहिता येतं. तेव्हा ते वाक्य आमच्या सगळ्या पंचक्रोशीत कुणाकडे नव्हतं. त्या पोरीच्या आतड्याला गव्हाचंच विष होत होतं, आणि घरातला सगळा जीव गोळा करून आम्ही तिला तोच भरवत होतो.

एक माणूस मात्र काहीतरी सांगत होतं, ते म्हणजे शाली स्वतः. ती माझ्याकडे सरकून हळूच म्हणायची, "मंगे, माजी चपाती घे. मला तुजी भाकर दे." मला तर हवंच असायचं. चपातीचा घडीचा पदर सुटताना येणारा वास आणि तुपाची चव यापुढं मला काही दिसत नसे. आई चुलीकडे वळली की आमचा सौदा व्हायचा. शाली भाकरीचा पापुद्रा आधी काढून खायची, मग खालचा भाग चटणीला लावून. त्या दिवसांत तिचं पोट जरा बरं असायचं, पण हे कुणी जोडून पाहिलं नाही. मग एकदा आईनं पाहिलं. ती मला रागावली नाही, शालीला जवळ घेऊन बसली. "बाळा, भाकरी जड पडती. पोटात दगूड हुतो तिचा. चपाती हलकी असती." शाली म्हणाली, "पर मला भाकरीच गोड लागती." आई म्हणाली, "बरी झालीस की जलमभर भाकरीच खायचीय." त्या दिवसापासून आई तिला समोर बसवून स्वतःच्या हातानं भरवू लागली.

माझ्या हावरेपणाचं मला आज काही वाटत नाही. उलट वाटतं, मी आणखी हावरी असते तर.

एका उन्हाळ्याच्या तोंडावर आईची थोरली बहीण, हौसामावशी, बावड्याहून आली. मावशीला नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. नीरेचं पाणी हटलं की नदीच्या वाळूत आळी करून ती कलिंगडं, खरबुजं आणि वाळकं लावायची. वाळूक म्हणजे काकडीची जाडजूड चुलतबहीण. मावशीनं शालीला उचललं आणि तसंच खाली ठेवलं. "कमळे, आगं ही वजनाला पिसावानी हाय! हिला हितलं पाणी मानवत न्हाय. दाजी, तुमच्या पाटाच्या पाण्यात ऊस वाढतोय, पोरी न्हाय. दोघींला सुट्टीला माज्याकडं धाडा." तात्यांना ते लागलं, पण पटलंही. आमच्याकडे माणूस खंगलं की पहिला संशय पाण्यावर घेतात. सून माहेराहून गुबगुबीत होऊन आली, तर सासूसुद्धा म्हणते, पाणी मानवलं.

बावड्याच्या त्या सुट्टीइतकं मी आयुष्यात काही खाल्लं नाही. मावशीच्या घरात गहू नावालासुद्धा नव्हता. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मावशी, चपाती न्हाय करत?" ती म्हणाली, "तुज्या बापानं पाट हितपतूर आणला की करीन. तवर भाकर हाणा." सकाळी ताकात कुस्करलेली शिळी भाकरी आणि वर कांदा. मग वाळूत उतरायचं. दुपारी मावशी वेलावरून तोडलेली वाळकं ओल्या फडक्यात ठेवायची, ती गार झाली की चिरून तिखट-मीठ लावायचं. खरबूज गुळाशी. कैरी ठेचून. आणि कलिंगड सुरीनं कापायचं नाही, मावशी ते गुडघ्यावर आपटून फोडायची आणि आम्ही त्यात हातच घालायचो. रस कोपरापर्यंत ओघळायचा. पिण्याचं पाणी झिऱ्याचं. वाळूत हातभर खड्डा केला की त्यात हळूहळू निवळशंख पाणी पाझरायचं, ते वाटीनं भरायचं.

शाली तिथं बदलत गेली. आधी तिचं पोट थांबलं. मग तोंड बरं झालं आणि ती ठेचा मागायला लागली. मग गालावर थोडं मांस आलं, मग ती पळायला लागली, आणि एकदा पळायला लागली ती थांबेचना. मावशीनं तिला कलिंगड वाजवून ओळखायला शिकवलं. ती वाळूत पालथी पडून फळाला कान लावायची, टिचकी मारायची आणि निकाल द्यायची, "हे उटलंय." कच्चं असेल तर, "हे निजलंय अजून. नगा काडू." बाजारासाठी माल न्यायला आलेला व्यापारी एकदा तिला म्हणाला, "काय गं पिटुकले, चुकलीस तर?" शालीनं कमरेवर हात ठेवले. "चुकले तर तुमी फुकट न्या. बरोबर आलं तर माज्या मावशीला नीट भाव द्या." मावशी वाळूवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिथं त्या दोन महिन्यांत मला माझी बहीण पहिल्यांदा दिसली, असं मी म्हणते. तोपर्यंत मी तिचं दुखणंच ओळखत होते.

आम्हाला न्यायला तात्या आले, तेव्हा काठावरून त्यांनी शालीला ओळखलं नाही. ती कमरेवर कलिंगड घेऊन वाळूतून येत होती. "कुणाची पोर गं ही?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "तुमचीच की." ते तसेच वाळूत उतरले, तिच्यापुढं उकिडवे बसले आणि तिच्या दंडाला बोटांनी चाचपत राहिले. मग उठून झिऱ्याकडे गेले. ओंजळीनं पाणी प्यायले, पुन्हा प्यायले, तोंडात घोळवून पाहिलं. जन्मभर पाण्याचं काम केलेला माणूस तो. "आक्का," ते मावशीला म्हणाले, "हे पाणीच येगळं हाय." मावशी म्हणाली, "म्या म्हनलंच हुतं."

ती पाण्याकडे पाहत होती, तेही पाण्याकडेच पाहत होते. ताटाकडे कुणी पाहिलं नाही.

शाळा उघडायची होती आणि आईचा जीव टांगणीला लागला होता, म्हणून आम्ही परतलो. आईनं आमच्यासाठी कुरडया करायचं मागं ठेवलं होतं. गहू भिजवून, आंबवून, वाटून त्याचा चीक आमची वाट पाहत होता. शालीला पाहून तिनं तोंडावर पदर घेतला आणि रडली, आणि रडतच चूल पेटवली. मोठ्या पातेल्यात चीक रटरटायला लागला. शेजारच्या बाया साचे घेऊन आल्या, ओट्यावर धोतर पसरलं, कुरडयांची गोल गोल रांग लागली. आईनं पहिला गरम चीक शालीला वाडग्यात दिला, वर दूध, वर साखर. "खा. आता अंग धरलंयस, ते टिकवायचं." कुरडयांच्या दिवशी चीक कुठल्या पोराला नको असतो? शालीनं वाडगा चाटूनपुसून खाल्ला आणि आणखी मागितला. त्या सकाळी आमच्या ओट्यावर इतकं हसणं होतं, की पाटावरून जाणारी माणसं थांबून विचारत होती, काय कार्य हाय का?

पाऊसकाळ सरेपर्यंत शाली पुन्हा पहिल्यासारखी झाली. मग पहिल्यापेक्षा वाईट. तात्या एका सकाळी उठले, तेलाचा रिकामा डबा राखेनं घासून स्वच्छ केला आणि बावड्याला गेले. बारामतीला यष्टी बदलून जायचं, झिऱ्याचं पाणी भरायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि डबा मांडीवर धरून परत यायचं. पाणी संपत आलं की पुन्हा निघायचं. नदी भरलेली असायची तेव्हा काठाच्या विहिरीचं आणायचे. कंडक्टर ओळखीचे झाले होते. एक जण एकदा म्हणाला, "काय तात्या, आख्खा पाट उशाला घिऊन झोपता अन् पाणी यष्टीनं आणता? आवं, तुमच्या पाटात बी नीरंचंच पाणी, अन् ह्या डब्यात बी नीरंचंच!" सगळी यष्टी हसली. मी शेजारी होते. तात्या शांतपणे म्हणाले, "हे वाळूतनं गाळून येतंय, मास्तर. पोरगीला मानवतंय." पुढं वडगावच्या थांब्यावर कंडक्टरनं स्वतः डबा उतरवून दिला.

ते पाणी आम्ही बाकीच्या तिघांनी शिवायचं नाही, असा दंडक होता. ते शालीचं. तिला प्यायला, तिच्या खिरीला. आणि त्याच पाण्यात आई तिच्या चपातीची कणीक मळायची. एक थेंब सांडू नये म्हणून परातीवर वाकून, जपून, बोटांनी वाटी निपटून. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी शिक्षिका म्हणून मुलांना कितीतरी वर्षं विज्ञान शिकवलं. कारण आणि परिणाम, निरीक्षण आणि अनुमान. फळ्यावर ते शब्द लिहिताना मला नेहमी काहीतरी टोचायचं. काय टोचतंय, हे तेव्हा कळत नव्हतं.

"मला मावशीकडं न्या," शाली म्हणायची. सगळ्यांना ते मान्य होतं. मावशीनं तर निरोपावर निरोप धाडले होते. पण शालीला आता धड बसवतही नव्हतं, यष्टीत कशी बसणार? आई म्हणाली, "जरा अंग धरू द्या. शिमगा झाला की धाडू." आणि अंग धरावं म्हणून ती तिला दुप्पट मायेनं भरवू लागली. शाली तोंड फिरवायची. "आई, भाकर दे की. ताकात कुस्करून दे, मावशी देती तशी." आई तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणायची, "बरी हो, मग देते. तुज्यासाठी पयली भाकरी थापीन. एवढा घास घे."

शिमगा यायच्या आधीच शाली गेली. सकाळची वेळ होती, पाट वाहत होता. तिसऱ्या दिवशी माणसं मातीवर दूध शिंपायला निघाली, तेव्हा आईनं एका द्रोणात दूध-चपाती कुस्करून दिली. "उपाशी नगं जायला," म्हणाली.

त्या डब्यात उरलेलं पाणी तात्यांनी बरेच दिवस तसंच ठेवलं. मग घरामागच्या पेरूला घातलं. त्यांनी पुढं मला शिकवलं. आमच्या सगळ्या भावकीत आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, मुलगी तर नाहीच. बारामतीच्या कॉलेजात नाव घालताना लोक म्हणाले, तात्या, पोरीला शिकवून काय पाणी सोडायला लावणार का? ते म्हणाले, "एक गेली. हिला तरी कळू द्या जगात काय काय असतं ते." त्या वाक्यावर मी पदवी घेतली, नोकरी केली, घर उभं केलं. त्यांचे उपकार कसे फेडणार? शेवटच्या आजारपणात ते छताकडे पाहत म्हणाले होते, "मंगल, आनखी खेपा करायला पायजे हुत्या गं. डबा ल्हान पडला." मी म्हटलं, "तुम्ही पुष्कळ केलंत, तात्या." तेव्हा मला तेवढंच माहीत होतं.

ही गोष्ट इथं संपली असती. पण अलीकडे माझ्या मुलाची मुलगी सई खंगायला लागली. काटकुळे हातपाय, पुढं आलेलं पोट, ओट्यावर बसून घेणं. मी तिच्याकडे बघायची आणि माझ्या हातातलं काम थांबायचं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, आतड्याची तपासणी केली आणि सांगितलं, गव्हातला एक घटक हिला सोसत नाही. गहू पूर्ण बंद करा, मूल सुधारेल. ज्वारी, बाजरी, तांदूळ, फळं, सगळं चालेल. मग त्यांनी कागदावरून मान वर केली. "घरात आधी कुणाला असं होतं का?" मी म्हणाले, "नाही." मग म्हणाले, "हो." सूनबाई मला धरून बाहेर घेऊन आली.

आई आमच्याबरोबरच असते. पंच्याऐंशीच्या पुढं गेली आहे, पण कान शाबूत आणि बुद्धी तल्लख. तिला हे कळू द्यायचं नाही, असं मी घरात सगळ्यांना बजावलं. पण ती सईची मोठी आजी. पोर अशक्त दिसते म्हणून गुपचूप तुपसाखरेची पोळी गुंडाळून तिच्या हातात द्यायची. सईचं पोट पुन्हा बिघडलं. काहीतरी सांगणं भाग होतं. मी खोटं बोलले. "आई, हल्लीच्या गव्हावर औषधं फवारतात. सईला ती सोसत नाहीत. तिला चपाती देऊ नकोस." आईनं मान डोलावली. "व्हय, आताचा गहू कुठला गहू," म्हणाली. मला हायसं वाटलं.

आठवड्यानं मी बाजारातून आले, तर स्वयंपाकघरात तो वास. वेलदोडा, गूळ आणि त्याखाली तो जुना जड गोडवा. माझे पाय उंबऱ्यातच थांबले. आईनं शेजारणीकडून मागवून खपली आणली होती आणि खीर शिजवली होती. वाटी भरून सईपुढं ठेवत होती. "हा आपला जुना गहू, मंगल. ह्याला फवारणी नसती. पोरगी अंग धरंल बघ."

मी वाटी उचलून घेतली. जरा जोरातच. "आई, खपलीसुद्धा नाही."

"खपली सुदिक न्हाय?"

"कुठलाच गहू नाही. जन्मतःच सोसत नाही तिला."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग सईच्या हातांकडे, मग पोटाकडे. मी तिचे डोळे मागं मागं जाताना पाहिले आणि मला ते थांबवता आले नाहीत. मग तिनं विचारलं, "मग पाणी?"

"पाण्याचं काही नव्हतं, आई."

"आन् भाकरी चालती?"

"चालते."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुजा बाप हे कळायच्या आदी गेला, बरं झालं." मग भिंतीला टेकून बसली आणि दिवे लागेपर्यंत उठली नाही. मी सांगत राहिले, कुणालाच ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, तू मायेनं केलंस. ती ऐकत होती की नाही, मला सांगता येणार नाही. एकदाच तिचे ओठ हलले. "मागत हुती ती. तोंडानं मागत हुती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थापण्याच्या आवाजानं उठले. आईनं भाकरी करणं सोडून कितीतरी वर्षं झाली होती. तिची मनगटं आता साथ देत नाहीत. ती गॅसपुढं स्टुलावर बसून परातीत भाकरी थापत होती, थांबत, दम खात. भाकरीच्या कडा चिरल्या होत्या. सूनबाई हात पुढं करत होती, आई तिला येऊ देत नव्हती. शेजारी ताटात चिरलेलं कलिंगड होतं आणि सई त्यातल्या बिया मोजत बसली होती. पहिली भाकरी फुगली. आईनं ती तव्यावरून काढली, स्टीलच्या वाडग्यात ताकात कुस्करली, वर चिमूटभर मीठ टाकलं आणि वाडगा खिडकीपाशी नेऊन ठेवला. मग दुसरी भाकरी भाजून सईच्या ताटात वाढली.

सईनं विचारलं, "मोठी आजी, ती पहिली कुणाची?"

आई तव्याकडे बघत म्हणाली, "एकीनं मागितली हुती बाळा. द्यायची राहिली."